बंबाला विसण, गप्पांना नाही

सकाळी सहाला आमच्या भिंतीवर दोन गोष्टी येतात. आधी अक्कांच्या बंबाचा धूर, मग अक्का. धूर नुसता येतो आणि जातो. अक्का येतात त्या बातमी घेऊन.

"कळलं का? कोपऱ्यावरच्या वहिनींचा गिझर पुन्हा गेला."

"परवाच तर दुरुस्त केला होता."

"तो वरचा गं. हा खालचा."

कोपऱ्यावरच्या बंगल्यात अंघोळीचं पाणी तापवायची पाच साधनं आहेत. गच्चीवर सोलर, वरच्या बाथरूमला पंचवीस लिटरचा गिझर, खालच्याला पंधराचा, मागच्या मोरीला गॅस गिझर, आणि असू द्यावा म्हणून कपाटावर ठेवलेला हिटरचा रॉड. घरात माणसंही पाच. म्हणजे माणशी एक साधन पडलं. तरी आठवड्यातून एकदा त्या घरातून कुणीतरी गार पाण्यानं अंघोळ करून दात वाजवत बाहेर पडतं, आणि कोण पडलं ते अक्कांना आमच्या आधी कळतं.

आम्ही राहतो सावेडीत. २०२४ साली कागदोपत्री शहराचं नाव अहिल्यानगर झालं, अक्का मात्र अजून 'नगर'च म्हणतात. थंडीलाही नव्या नावाचा काही धाक वाटलेला दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत राज्याच्या हवामानाची यादी आली की दहा अंशांच्या खाली गेलेल्या गावांत आमचं नाव बऱ्याचदा वरच्या ओळींत. तेव्हा पाणी तापवणं हा आमच्याकडे चैनीचा विषय नाही, आणि त्यावर बोलणं तर नाहीच नाही.

"मी काय म्हणते," अक्का बंबात एक करवंटी टाकत म्हणाल्या, "पाच-पाच यंत्रं घेण्यापरीस एक बंब घेतला असता तर?"

अक्कांचा बंब तांब्याचा. त्यांच्या लग्नात आला, पुण्याच्या तांबट आळीतून. भंगारवाला दर दिवाळीआधी गल्लीत येतो आणि भिंतीवरून डोकावून विचारतो, "आजी, द्यायचा का? तांब्याला भाव आलाय." अक्का त्याला दर वर्षी चहा देतात, बंब देत नाहीत.

"अक्का, तुमचा बंब चांगला आहे, पण माझ्या वाळत घातलेल्या चादरींना रोज धुरी मिळते," मी म्हटलं. हे मी गेली बारा वर्षं म्हणते आहे.

"डास येत नाहीत ना चादरीत? मग!"

एवढ्यात मागच्या गल्लीतले भाऊ दुधाची पिशवी घेऊन आले. भाऊ वायरमन म्हणून निवृत्त झाले. खांबावर चढायचं बंद झालं, पण बोलायला लागले की अजून खांबावरूनच बोलल्यासारखे बोलतात. ते थांबले, कारण 'गिझर' हा शब्द त्यांनी ऐकला होता.

"बंब, गिझर, रॉड, काही घ्या," भाऊ म्हणाले, "पाण्याला काही फरक पडत नाही. पाणी आपला हिशेब सोडत नाही. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी. बादली वीस लिटरची. नळाचं पाणी वीस अंशांवर, अंगावर घ्यायचं बेचाळीसवर. वीस गुणिले बावीस किती?"

"चारशे चाळीस," मी म्हटलं.

"आणि विजेच्या एका युनिटात आठशे साठ. म्हणजे एक बादली म्हणजे अर्धं युनिट. एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरा."

अक्कांनी ते तिथल्या तिथे पाठ केलं. "बादलीला अर्धं युनिट. आमच्या वेळी बादलीला दोन गोवऱ्या असायच्या."

"रॉडला काय लागतं?" मी विचारलं.

"तेवढंच, अर्धं युनिट. दीड हजार वॅटचा रॉड वीस मिनिटांत बादली तापवतो. तो पाण्यातच बुडालेला असतो, जाईल कुठं उष्णता? सगळी पाण्यातच. कामात रॉडसारखा प्रामाणिक कुणी नाही. फक्त एक, बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही. मी नोकरीत असताना थंडी सुरू झाली की या एका बोटापायी कितीतरी घरांत जावं लागलं."

भाऊंचा आवाज त्या वाक्यापुरता खांबावरून खाली उतरला. मग पुन्हा चढला.

"रॉड नि गिझर दोघंही तेवढंच खातात, तर वहिनींचं बिल का एवढं येतं?" अक्कांनी मूळ मुद्द्याला हात घातला. कोपऱ्यावरचं बिल किती येतं हे त्यांना कसं माहीत, हे मी विचारलं नाही.

"दोन कारणं," भाऊ म्हणाले. "पहिलं, पाच बादल्या म्हणजे दिवसाला अडीच युनिटं, महिन्याला पंचाहत्तर. घरगुती बिलात पहिली शंभर युनिटं स्वस्तातली. एकशे एकाव्यापासून दर जवळजवळ दुप्पट. दिवे, पंखे, फ्रीज, टीव्ही यांनी शंभराचं कुंपण आधीच गाठलेलं असतं. मग अंघोळीची पंचाहत्तर युनिटं सगळीच्या सगळी महागाच्या बाजूला पडतात. तीच अर्धी युनिटं, पण कुंपणापलीकडची."

"आणि दुसरं?"

"दुसरं वहिनींचं. गिझर रात्री दहाला लावतात आणि सकाळी सातला बंद करतात."

"अगं बाई! कशाला?"

"सासूबाई पहाटे चारला उठतात म्हणून. त्या चारला उठतील की साडेपाचला ते त्यांनाच माहीत नसतं. मग गिझर रात्रभर बिचारा तापतो, निवतो, पुन्हा तापतो. लोक दुकानात तारे बघून गिझर घेतात ना, पाच तारे, चार तारे? ते तारे कशाचे असतात माहीत आहे? पाणी तापवण्याचे नाहीत. तापवण्यात सगळे गिझर सारखेच. चोवीस तास नुसतं थांबताना टाकी किती उष्णता गमावते, त्यावर तारे मिळतात. तारे थांबण्याचे असतात."

मला हे खरंच माहीत नव्हतं. आमच्या गिझरवर चार तारे आहेत. इतके दिवस मी ते कर्तबगारीचे समजत होते, निघाले सबुरीचे.

"म्हणजे पंधरा मिनिटं आधी लावायचा, अंघोळ झाली की बंद करायचा, तर एक तारा काय नि पाच काय," मी म्हटलं.

"बरोबर. आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॉइल वर्ष-दीड वर्षात पांढरी होते. क्षाराचा थर बसला की कॉइल आत तापते आणि पाण्याला उष्णता उशिरा पोचते. शेवटी जळते. खालचा गिझर त्यानंच गेला. वर्षातून एकदा खोलून घासला असता तर राहिला असता. आणि थर्मोस्टॅट साठावर ठेवून निम्मं गार पाणी मिसळायचं, त्यापेक्षा पन्नासवर ठेवावा. थांबताना कमी निवतो."

"विसण," अक्का म्हणाल्या.

"काय?"

"गार पाणी मिसळणं नाही, विसण घालणं. तुम्ही वायरमन लोक साध्या शब्दांचीही तार तोडता."

भाऊ हसले आणि दुधाची पिशवी भिंतीवर ठेवली. याचा अर्थ गप्पा लांबणार.

"मग गॅस गिझर?" मी विचारलं.

"गॅस बादलीमागे पन्नासेक ग्रॅम लागतो. चौदा पूर्णांक दोन किलोची टाकी, साधारण दोनशे ऐंशी बादल्या. टाकीच्या किमतीला दोनशे ऐंशीनं भागा, तुमच्या बादलीचा भाव निघेल. मग तो आपल्या विजेच्या अर्ध्या युनिटाशेजारी ठेवून बघा. शंभराच्या आतलं घर असेल तर दोघं बरोबरीत येतील, कुंपणापलीकडचं असेल तर गॅस जिंकेल. शिवाय गॅस गिझरला थांबणं नाही. तोटी उघडली की पेटला, बंद केली की विझला."

"पण?" अक्कांना 'पण' हवाच असतो.

"पण तो न्हाणीघरात बसवायचा नाही. दार-खिडकी लावून आत जाळ पेटला की हवेतला प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस अंघोळीला बसतो आणि पेंगुळल्यासारखा होऊन तिथंच कलंडतो. वहिनींचाही आतच होता. मी भांडून बाहेरच्या भिंतीवर लावायला लावला."

अक्का माझ्याकडे वळल्या. "बघ, धूर दिसतो तो बरा. न दिसणारा वाईट."

"दिसणाराही बरा नाही अक्का. तुमचा खोकला कुणाचा?" मी म्हटलं. अक्कांनी ते ऐकलं नाही. त्या वेळी त्या बंबाची राख ओढत होत्या.

तरी बंबाच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करावी लागेल. चुलीवर पातेलं ठेवलं तर जाळ फक्त बुडाला लागतो, बाकीचा कडेनं निसटतो. बंबात जाळ मधल्या नळकांड्यात आणि पाणी त्याच्या भोवतीनं. जाळ वर जाताना सगळ्या बाजूंनी पाण्यालाच भेटतो. हे ज्या तांबटानं पहिल्यांदा घडवलं, त्यानं उष्णतेचं गणित पाटीवर मांडलं नसेल, पण पत्र्यात मात्र अचूक ठोकलं.

"आणि एक सांगू?" भाऊ म्हणाले. "रॉड प्रामाणिक म्हणालो, तो बादलीपुरता. ती वीज येते कुठून? कोळशाच्या केंद्रातून. इकडं नाशिकजवळ एकलहऱ्याला आहे ना, तसल्या. तिथं तीन वाटे उष्णता जाळावी तेव्हा साधारण एक वाटा वीज होते. बाकीची धुराड्यातून, थंड करणाऱ्या मनोऱ्यातून हवेत. मग ती वीज तारांतून इथवर येणार, वाटेत थोडी गळणार, आणि इथं येऊन पुन्हा तिची उष्णताच करायची! म्हणजे धूर आहेच. फक्त तो तुमच्या चादरीला न लागता एकलहऱ्याच्या चादरीला लागतो."

अक्कांनी माझ्याकडे अशा विजयी नजरेनं पाहिलं की मी चादरींचा विषय त्या दिवसापुरता मिटवला.

"पण मग सगळ्या सावेडीनं बंब पेटवायचे का?" मी म्हटलं. "लाकडं आणायची कुठून?"

याचं उत्तर अक्कांकडे होतं, आणि ते त्यांच्या बाजूचं नव्हतं, तरी त्यांनी दिलं. हे त्यांचं मला आवडतं.

"माझी धाकटी बहीण हिवरेबाजारला दिली. तिचा बंब माळ्यावर आहे. पोपटराव पवार सरपंच झाले १९८९ साली, मग गावानं ठरवलं, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी. झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. आधी बायका कुरकुरल्या, जाळायचं काय? मग गोबरगॅस आले घरोघर. आता तिच्या डोंगरावर गवत आहे, विहिरीला पाणी आहे. मी माझा बंब पेटवते तो करवंट्यांवर, गावाकडच्या तुराट्यांवर आणि रस्त्यावरच्या सुबाभळीची छाटणी होते त्यावर. झाड तोडून एक काडी नाही जाळली. पण सगळ्यांनी पेटवले तर करवंट्या कुठून पुरणार? एका घराला बंब पुरतो, गावाला नाही पुरत."

मग सूर्याचा विषय निघाला, तो शिर्डीवरून. मागच्या महिन्यात अक्का शिर्डीला गेल्या होत्या आणि प्रसादालयातल्या जेवणाचं वर्णन अजून पुरतं संपलेलं नव्हतं. भाऊ म्हणाले, "जेवलात, पण गच्चीचं कुणी सांगितलं का? २००९ साली तिथं गच्चीवर सूर्याच्या थाळ्या बसवल्या. त्र्याहत्तर! एकेक थाळी सोळा चौरस मीटर. ऊन एका जागी गोळा करायचं, त्यावर पाण्याची वाफ करायची आणि वाफेवर भात-डाळ शिजवायची. दिवसाला पन्नास हजार माणसांचं जेवण धरून ती बांधली."

"पन्नास हजार!" अक्का म्हणाल्या. "आणि आमच्या वहिनींच्या सोलरवर पाच माणसांची अंघोळ होईना?"

गप्पांना आता खरा तिखटपणा आला. कारण कोपऱ्यावरचं सोलर हा गल्लीचा जुना विषय. शंभर लिटरचं सोलर वर्षाला दीड हजार युनिटांपर्यंत वीज वाचवतं, असं केंद्राच्या खात्याचं सांगणं. ते वहिनींनी बसवताना सगळ्यांना ऐकवलं होतं. त्यानंतर बिल कमी झालं, पण तक्रार कमी झाली नाही. सकाळी तोटी सोडली की आधी गार पाणी येतं, येतच राहतं, आणि गरम यायच्या आत वहिनींचा मुलगा वैतागून गिझर लावतो.

"सोलर वाईट नाही," भाऊ म्हणाले. "वाट लांब आहे. टाकी गच्चीच्या त्या टोकाला, मोरी तळमजल्यावर या टोकाला. वीस मीटर पाइप. एक इंची पाइपात वीस मीटरला दहा लिटर पाणी मावतं. रात्रभर ते पाइपात निवलं. सकाळी आधी ते बाहेर येणार. अर्धी बादली गार. वहिनी ती मोरीत सोडून देतात."

"दहा लिटर?" आता मी बोलले. मे महिन्यात टँकरमागे धावताना आम्ही दहा लिटरसाठी काय काय केलं ते मला आठवलं.

"थांबा, अर्धीच गोष्ट झाली. गरम पाणी आलं, त्याची अंघोळ झाली, तोटी बंद. आता पाइपात काय उरलं? दहा लिटर साठ अंशांचं पाणी. ते तिथंच निवणार. त्यातली उष्णता किती? दहा गुणिले चाळीस, चारशे. बादलीला लागते चारशे चाळीस. म्हणजे एका बादलीच्या अंघोळीमागे जवळजवळ दुसरी बादली पाइप अंघोळ करतो."

अक्कांना हसू आवरेना. "घरात पाच नाही, सहा माणसं आहेत म्हण की!"

"पाच जणांनी पाच वेगवेगळ्या वेळी अंघोळ केली तर पाइपही पाचदा करतो. एकामागून एक केली तर एकदाच."

मी म्हटलं, "आणि ते पहिलं दहा लिटर गार? ते तर वायाच."

अक्का थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वाया कसं? ते विसण आहे."

"कसं?"

"आपण काय करतो, आधी कढत काढतो, मग त्यात विसण घालतो. हिनं उलट करावं. बादली आधीच तोटीखाली लावायची. पहिलं गार येईल ते विसण. त्यावर कढत येईल. दहा गार नि दहा साठाचं, किती होतं रे भाऊ?"

भाऊंनी बोटं मोजली नाहीत, पण ओठ हलले. "चाळीस. अंगाला बरोबर."

चौथी शिकलेल्या अक्कांनी कोपऱ्यावरच्या बंगल्याचं पाणी आणि वीज एका बादलीत बसवली होती. हे वहिनींना कोण सांगणार, हा प्रश्न मात्र राहिला. सांगितलं असतं तर, त्यांच्या घरात काय चालतं ते आम्हाला कसं कळलं, हेही सांगावं लागलं असतं.

"माझा पुण्याचा भाचा म्हणतो हीट पंप घ्या," मी म्हटलं. "एका युनिटात तीन युनिटांचं काम."

"फ्रीज उलटा लावला की हीट पंप," भाऊ म्हणाले. "हवेतली ऊब ओढून पाण्यात घालतो. खोटं नाही ते. पण किंमत बघा, आणि बिघडला तर नगरमध्ये दुरुस्त करणारा शोधा. हॉटेलाला, हॉस्पिटलला परवडेल. पाच बादल्यांच्या घरानं आधी गिझरचं बटण बंद करायला शिकावं."

दूध उन्हात आलं म्हणून भाऊ गेले. अक्का आत गेल्या. मी चादरी झटकल्या.

यानंतर आठवड्यानं भोगी आली. भोगीला डोक्यावरून न्हायचं, हे आमच्याकडे ठरलेलं. दोन दिवस आभाळ भरून होतं, त्यामुळे सोलर कोमट. पहाटे रोहित्राला काहीतरी झालं आणि सगळी गल्ली अंधारात. गिझर गेले, रॉड गेला. गॅस गिझरचे सेल नेमके संपलेले, त्यामुळे तो नुसताच टक्-टक् करत राहिला. शेगडीच्या एका चुलीवर भोगीच्या भाजीचं पातेलं आणि दुसरीवर तवा. पाच साधनांच्या घरात पाणी तापवायला जागा नव्हती.

साडेसहाला कोपऱ्यावरच्या वहिनी स्वतः आल्या. डोक्याला तेल. त्या आमच्या दाराशी न येता सरळ अक्कांच्या भिंतीशी गेल्या, म्हणजे गल्लीत काय बोललं जातं ते त्यांनाही माहीत होतं.

"अक्का, सासूबाई खोळंबल्यात. एक बादली द्याल?"

अक्कांनी काही विचारलं नाही. एरवी त्या काय काय विचारतात हे मला ठाऊक आहे. त्यांनी आपली बादली घेतली, आधी त्यात पाव बादली गार पाणी ओतलं आणि मग बंबाची तोटी सोडली.

"गार आधी?" वहिनींनी विचारलं.

"विसण आधी घातलं की बादली पोळत नाही," अक्का म्हणाल्या. "तुमच्या सोलरलाही करून बघा. पहिलं गार येतं ना, ते सांडू नका."

एवढंच. पाइप, वीस मीटर, सहावा माणूस, काही नाही.

अकराला वहिनींचा मुलगा रिकामी बादली परत घेऊन आला. रिकामी म्हणजे, भांडं रिकामं परत पाठवायचं नसतं म्हणून तिच्यात एक डबा होता. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. अक्कांनी भिंतीवर ठेवून झाकण उघडलं, भाजीला बोट लावून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं.

"गार झाली. कोपऱ्यावरून इथपर्यंत यायचं म्हणजे वाट लांब."

मग त्यांनी डबा उचलला आणि बंबाच्या तोंडावर ठेवला. आत थोडे निखारे होते अजून.